कढईतलं पाणी : ब्रेडचा चुरा लावलेला मासा घरी तळताना

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. ती वारज्यात दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. पगार झाला म्हणून हौसेने सुरमई आणली होती. "मावशी, मासा एकीकडे आणि चुरा एकीकडे झालाय. कढईत नुसता गाळ. आणि जे तुकडे धड निघाले ते दाबले की तेल येतंय. व्हिडिओत दाखवलं तसंच केलं होतं गं सगळं."

मी विचारलं, "मासा पुसला होतास?"

"पुसायचा कशाला? स्वच्छ धुतला ना!"

तिच्या दोन्ही तक्रारींचं मूळ याच उत्तरात होतं. तळणं म्हटलं की आपलं सगळं लक्ष तेलाकडे जातं. तेल कुठलं, किती, किती तापलेलं. पण तळण बिघडवतं किंवा जमवतं ते पाणी. ताज्या माशाच्या वजनात साधारण ७० ते ८० टक्के पाणीच असतं. ते पाणी कुठून निघतं, कधी निघतं आणि निघून गेल्यावर त्याच्या जागी काय येतं, एवढं कळलं की पाककृतीतली प्रत्येक सूचना आपोआप समजते. आणि एखादी सूचना चुकीची असेल तर तीही ओळखू येते.

तेलात टाकल्यावर काय होतं

कढईतलं तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर आहे असं धरू. पाणी १०० अंशांना उकळतं. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. (तळणीला या दोन अंशांनी काही फरक पडत नाही. उंचीचा परिणाम उघड्या पातेल्यात डाळ शिजवताना जाणवतो, कढईत नाही.) म्हणजे तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर तापलेलं असतं. तुकडा आत गेला रे गेला की त्याच्या पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या दीड हजारपटींहून जास्त जागा व्यापते. ती जोरात बाहेर पडते. कढईत दिसणारे बुडबुडे ते हेच. "तेल उकळतंय" असं आपण सहज म्हणतो, पण तेल उकळत नसतं. माशातलं पाणी तेलातून वाट काढत वर येत असतं.

ही बाहेर पडणारी वाफ आपली मोठी मित्र आहे. ती आतून बाहेर रेटा देत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. दुसरं असं की, एखाद्या ठिकाणी पाणी शिल्लक असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. येणारी सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. बाहेरचा थर कोरडा झाला की मगच त्याचं तापमान चढतं, आणि १४० अंशांच्या पुढे तो भराभर तांबूस होऊ लागतो. पिठातली साखर आणि अंड्या-माशातली प्रथिनं यांच्यात होणारी ही क्रिया. लुई कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली, म्हणून तिला माइयार क्रिया म्हणतात. पोळीवर पडणारे डाग, पावाची तपकिरी पाठ, भाजलेल्या कांद्याचा वास या सगळ्यांत तिचा हात असतो. ओल्या पृष्ठभागावर ती रुसून बसते. म्हणून ओला मासा आधी पांढरट, गिळगिळीत दिसतो आणि रंग यायची वाट पाहता पाहता आतून कोरडा होतो.

चांगला तळलेला मासा म्हणजे खरं तर आत वाफवलेला आणि बाहेर तळलेला मासा. चुऱ्याचं आवरण त्याच्यासाठी पातेल्याचं काम करतं. तळण त्या पातेल्याचं होतं आणि मासा त्याच्या आत स्वतःच्याच रसात शिजतो. माशाची प्रथिनं ५० ते ६० अंशांतच घट्ट होऊ लागतात, मटणासारखा त्याला वेळ लागत नाही. मध्यभागी ६३ अंश झाले की मासा पूर्ण शिजलेला असतो. काट्याने हलकं दाबलं की पाकळ्या सुटतात ती ही अवस्था. त्यापुढे गेलं की वातड होत जातो.

मग तेल शिरतं कधी? बरंचसं तेल मासा कढईत असताना शिरत नाही. तुकडा बाहेर काढल्यावर आवरणातली वाफ थंड होते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि जागा आक्रसते. आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर लागून आलेलं तेल आत ओढलं जातं. ओला स्पंज दाबून सोडल्यावर जसं पाणी खेचतो तसंच. म्हणून बाहेर काढल्यानंतरचा पहिला अर्धा मिनिट सगळ्यांत मोलाचा. तेव्हा तेल निथळलं तर निथळलं, नाहीतर ते ताटात येणार.

तेल पुरेसं तापलेलं नसेल तर तेलकटपणा का वाढतो, हेही यातून कळतं. वाफ मंद निघते, आवरण पक्कं व्हायला वेळ लागतो, मासा जास्त वेळ तेलात राहतो, आणि कमी तापलेलं तेल घट्टसर असल्यामुळे तुकड्याला जास्त चिकटून येतं. "तेल कमी लागावं म्हणून मंद आचेवर तळते" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटल्या आहेत. हेतू चांगला आहे, पण परिणाम नेमका उलटा होतो.

पुण्यात मासा निवडताना

समुद्र आपल्यापासून घाट उतरून लांब आहे. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये येणारा समुद्राचा मासा बर्फात बसून, रात्रभर प्रवास करून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही. बर्फात नीट ठेवलेला मासा उत्तम असतो. पण कल्ले उघडून लाल आहेत का ते बघा, डोळे भरलेले आणि स्वच्छ आहेत का बघा, बोटाने दाबल्यावर खळगा भरून येतो का ते बघा. मासेवाल्या मावशींना हे बघणारं गिऱ्हाईक आवडतं, असा माझा अनुभव आहे. त्या मग स्वतःहून चांगला मासा पुढे करतात.

चुरा लावून तळायला पांढऱ्या, घट्ट मांसाचा, कमी काट्यांचा मासा हवा. रावस सर्वांत छान. सुरमई चालते, पण कोकणी पद्धतीच्या आडव्या तुकड्या नकोत, मधला काटा काढून लांबट पट्ट्या करून घ्या. बाजारात "फिले करून द्या" म्हटलं की कळतं. पापलेट मला चुऱ्यात घालावंसं वाटत नाही. त्याची नाजूक चव रव्यात, तव्यावरच खुलते. बांगडा तेलकट, त्याची चव दणकट. त्याला तिखट-आगळ आणि तांदळाचं पीठच हवं. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा फ्रोझन बासा किंवा उजनीच्या जलाशयातून भिगवणमार्गे येणारी चिलापी, रोहू, कटला हे पर्याय उरतात. चिलापी चुऱ्यात फार चांगली लागते, तिला उगाच कमी लेखतात.

इथे वासाबद्दल थोडं सांगते, कारण पुण्यात समुद्राचा आणि गोड्या पाण्याचा असे दोन्ही मासे सारख्याच सहजतेने मिळतात आणि दोघांचे वास वेगळ्या कारणांनी येतात. समुद्राच्या माशात एक वासहीन संयुग असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइल अमाइनमध्ये करतात. 'माशाचा वास' म्हणतो तो याचा. हा पदार्थ अल्कधर्मी आहे, म्हणून लिंबू, चिंच किंवा कोकमाचं आगळ लावलं की आम्लाशी त्याचा संयोग होतो आणि तो हवेत उडत नाही. आपल्या आज्या मासा आगळात बुडवत होत्या ते याचसाठी. गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा मातकट वास मात्र जिओस्मिनचा. पाण्यातले आणि मातीतले काही सूक्ष्मजीव तो बनवतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, ज्याच्यासाठी आपण खिडक्या उघडतो, त्यातही हाच जिओस्मिन असतो. अंगणात हवाहवासा, ताटात नकोसा. गंमत अशी की आम्लाने तोही मोडतो. म्हणून रोहू-चिलापीला लिंबू लावणं सुरमईपेक्षाही गरजेचं आहे.

पण आम्ल जास्त वेळ लावून ठेवू नका. ते माशाची प्रथिनं न तापवताच 'शिजवतं', वरचा थर पांढरा आणि भुसभुशीत होतो आणि त्यातून पाणी सुटतं. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

बोंबलाची गोष्ट वेगळीच. त्याच्या अंगात ९० टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. तो तसाच चुऱ्यात घोळवून कढईत सोडला तर आवरण फुगून फाटतंच. म्हणून तो चिरून, उघडून, दोन फडक्यांमध्ये घालून त्यावर वजन ठेवतात. पूर्वी पाटा ठेवत, आता पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात फडकं चिंब होतं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांनी भौतिकशास्त्र न शिकता काढलेला हा उपाय मला फार आवडतो. तळण पाण्यावर ठरतं हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

फ्रोझन मासा असेल तर आदल्या रात्रीच फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा. गोठताना पाण्याचे बर्फकण होतात, ते मांसाच्या पेशी फोडतात, आणि वितळताना तेच पाणी बाहेर पडतं. बाहेर ओट्यावर घाईने वितळवला तर जास्तच पडतं. एका चाळणीत ठेवून खाली वाडगा ठेवला की किती पाणी सुटलं ते डोळ्यांनी दिसतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा आश्चर्य वाटेल.

जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास असावी. उष्णतेला मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ जवळजवळ चौपट. तीन सेंटिमीटरचा तुकडा आतून शिजेपर्यंत चुरा काळा पडणार, त्याला काही इलाज नाही. जाड तुकडा आडवा चिरा.

पुसणं, आणि तीन थर

आता भाचीच्या प्रश्नाकडे. धुतलेला मासा स्वच्छ सुती फडक्यावर किंवा टिपकागदावर ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून पुसायचा. मग हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण, लिंबू लावून मुरत ठेवायचा. मीठ पाणी ओढून काढतं, त्यामुळे मुरल्यावर ताटलीत पुन्हा पाणी दिसेल. ते टाकून द्या आणि मासा पुन्हा एकदा हलक्या हाताने टिपा. मसाला पुसला जाईल अशी भीती वाटते. चव आत गेलेली असते, पृष्ठभागावर राहिलेलं आलं-लसूण तर काढूनच टाकावं, कारण ते गरम तेलात सर्वांत आधी करपतं आणि कडवट होतं. हळदीचा रंग राहतो, तिखटाचा झणझणीतपणाही राहतो.

यानंतर पीठ, अंडं, चुरा. हा क्रम कुणी उगाच ठरवलेला नाही. अंडं ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावरून ओघळून जातं. कोरडं पीठ उरलीसुरली ओल शोषून घेतं आणि अंड्याला धरायला खरखरीत जागा देतं. अंडं तापल्यावर घट्ट होतं आणि पीठ-चुऱ्याला मध्ये बांधून ठेवतं. चुरा फक्त वरचा कुरकुरीतपणा देतो, त्याला स्वतःचा चिकटपणा काही नसतो. म्हणजे चुरा गळून पडतो तेव्हा दोष चुऱ्याचा नसतो. खालच्या दोन थरांपैकी कुणीतरी हात सोडलेला असतो.

सर्वांत जास्त चूक पिठात होते. मासा ओला असेल तर पिठाची चिकट लापशी होते, तेलात तिच्याखाली वाफ अडकते आणि ती सगळं आवरण टोपीसारखं उचलून टाकते. भाचीच्या कढईत हेच झालं. उलट टोकाला, पीठ जाड थापलं की आतला भाग कोरडी भुकटीच राहतो, अंडं त्या भुकटीला चिकटतं, माशाला नाही. पिठात घोळवून तुकडा झटकायचा, धूसर पडदा दिसला पाहिजे इतकाच थर. मी अर्धा मैदा आणि अर्धं तांदळाचं पीठ घेते. तांदळात ग्लूटेन, म्हणजे मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं, त्यामुळे थर वातड होत नाही. नुसतं कॉर्नफ्लॉअरही चालतं. मीठ-मिरपूड या पिठात घालावी, चुऱ्यात घातलेली मिरपूड जळते.

अंडं चमचाभर पाणी घालून इतकं फेटा की पांढऱ्याचे तार राहणार नाहीत. ते तार राहिले की एका जागी जाड लेप बसतो आणि दुसरी जागा उघडी राहते. अंडं नको असेल त्यांनी मैदा आणि कॉर्नफ्लॉअरची भज्यांच्या पिठाहून पातळ पेस्ट करावी, काम भागतं, पण पकड अंड्याइतकी येत नाही हे मान्य करूनच.

हातांबद्दल एकच नियम, उजव्याने कोरडं, डाव्याने ओलं. नाहीतर दोन तुकड्यांत बोटांनाच चुऱ्याचं आवरण बसतं.

चुरा कसला? घरात शिळा पाव असेल तर त्यासारखं काही नाही. कडा काढून, हाताने कुस्करून, जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर परतून कोरडा करायचा. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत पाकिटातला चुरासुद्धा दमट होतो, त्यामुळे तो चुराही पाच मिनिटं परतून, गार करून मगच घ्या. चहाबरोबरच्या गोड टोस्टचा चुरा टाळा. त्यातली साखर लवकर करपते, मासा कच्चा असतानाच रंग गडद होतो. रव्याचे दाणे घट्ट आणि बारीक असतात, त्यांचा थर पातळ, कडक होतो. तव्यावर दोन चमचे तेलात तो छान लागतो, म्हणून आपल्याकडे रवा रुळला. पावाच्या चुऱ्यात हवा असते, तो हलका, फुललेला होतो, पण सगळीकडून एकसारखी उष्णता मागतो. म्हणून त्याला कढई लागते.

सुपरमार्केटमध्ये 'पांको' नावाचा जपानी चुरा मिळतो. पिठाच्या गोळ्यातून विजेचा प्रवाह सोडून हा पाव भाजतात, त्यामुळे त्याला तपकिरी पाठ येतच नाही, आणि त्याचे मोठे, टोकदार पापुद्रे पाडतात. पापुद्र्यांमधून वाफ मोकळी निघते, म्हणून तो जास्त वेळ कुरकुरीत राहतो. त्याच्या नावातला 'पान' हा शब्द पोर्तुगीजांनी जपानला दिला. तोच शब्द त्यांनी आपल्याला दिला, आपण त्याचा 'पाव' केला. जपान्यांचा पांको आणि आपल्या बेकरीतला पाव नावाने सख्खे भाऊ आहेत. मला हे कळलं त्या दिवसापासून मी पावाचाच चुरा जास्त प्रेमाने वापरायला लागले.

चुरा लावलेले तुकडे जाळीवर, एकमेकांना न चिकटवता, फ्रीजमध्ये न झाकता वीस मिनिटं ठेवा. या वेळात पीठ आणि चुरा अंड्यातली ओल पितात आणि थर एकजीव होतात. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पहिल्या उलटण्यालाच आवरण सुटतं. तेल तापत ठेवताना तुकडे बाहेर काढा, म्हणजे अगदी गारेगार तेलात जाणार नाहीत.

तेल, आणि कढईत गर्दी

पाण्याच्या तुलनेत तेल गरम व्हायला जवळजवळ निम्मी उष्णता लागते. ऐकायला बरं वाटतं, पण याचा अर्थ ते तितकंच पटकन गारही होतं. एक साधा हिशेब करून बघू. अर्धा लीटर तेल १८० अंशांवर आहे आणि त्यात फ्रीजमधले २०० ग्रॅम माशाचे तुकडे एकदम टाकले. गॅस बंद आहे आणि दोघं एकाच तापमानाला आले असं मानलं तर ते १०५ अंशांच्या आसपास येतील. त्याच तेलात १०० ग्रॅमच टाकले तर १३० च्या थोडं वर. प्रत्यक्षात गॅस चालू असतो, मासाही एवढ्या लवकर तापत नाही, त्यामुळे तेल इतकं खाली जात नाही. पण दिशा कळते. चार तुकडे एकदम टाकले की तळणं संपलं, उकडणं सुरू झालं.

म्हणून अरुंद, खोल कढई घ्या, पसरट नको. तेल निदान पाच सेंटिमीटर खोल असावं आणि कढई अर्ध्याहून जास्त भरू नये. तापताना तेल फुगतं, १५० अंश वाढले की जवळजवळ दहा टक्के. वर बुडबुड्यांना जागा लागते ती वेगळीच. एका वेळी दोन तुकडे, पाहुणे दारात उभे असले तरी दोनच.

तापमापक असेल तर उत्तम. नसेल तर चुऱ्याची चिमूट टाका. तळाशी जाऊन रेंगाळली तर तेल गार आहे. लगेच वर येऊन भोवती बुडबुडे धरले आणि सावकाश सोनेरी झाली तर बरोबर. टाकताक्षणी काळपट झाली तर आच बंद करून थांबा. पावाचा छोटा चौकोनी तुकडा साधारण मिनिटभरात सोनेरी व्हावा.

तेल कुठलं, यावर पुण्यात घराघरांत मतं आहेत. मी रिफाइंड शेंगदाणा तेल घेते. ते २३० अंशांच्या आसपास धुरावतं, म्हणजे हातात बरीच सवड राहते. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला कितीही सुरेख असलं तरी १६० अंशांच्या आसपासच धूर सोडू लागतं. ते फोडणीला, चटणीवर घ्यायला ठेवा. करडई आणि सूर्यफुलाची रिफाइंड तेलं धूर उशिरा सोडतात, पण त्यांची रचना अशी की उष्णतेत आणि हवेत लवकर खवट होतात. एकदा तळून संपवायची असतील तर हरकत नाही.

तुकडा स्वतःपासून दूर, कढईच्या कडेने सरकवत सोडा. पहिला दीड मिनिट हात लावू नका. या वेळात अंडं घट्ट होत असतं, झारा लावला की सगळं सुटतं. मग एकदाच उलटा. दीड सेंटिमीटरच्या तुकड्याला एकूण तीन ते चार मिनिटं.

पण घड्याळापेक्षा कान लावा. दुसऱ्या रविवारी भाचीने पुन्हा घाट घातला, तेव्हा मी तिला फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर लांब ठेवायला सांगितलं. तुकडा पडला आणि चर्रर्र असा भरघोस आवाज आला. भरपूर पाणी, भरपूर वाफ. मिनिटभराने तो आवाज बारीक व्हायला लागला. "बुडबुडे लहान झाले का?" "हो, आणि कमीपण." आवाज आणखी उतरला, पण थांबला नव्हता. "काढ आता." हीच ती वेळ. वाफेचा रेटा अजून आहे, आवरण कोरडं झालंय, मासा रसदार आहे. आवाज पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर वाफ संपलेली असते, तेलाला अडवणारं कुणी उरत नाही आणि मासा लाकडासारखा होतो. तिच्या घरी काय चाललंय ते मला कोथरुडात बसून ऐकू येत होतं.

बाहेर काढताना झाऱ्यावर तुकडा कढईवरच दोन-तीनदा हलकेच झटका, मग उभा करून जाळीवर ठेवा. प्रत्येक घरात पापड भाजायची जाळी असते, ती ताटावर ठेवली की झालं. टिपकागदावर मिनिटभर टेकवायला हरकत नाही, पण कागदावर पडू दिलेला तुकडा खालून स्वतःच्याच वाफेने भिजतो. वर्तमानपत्र तर वापरूच नका. छपाईच्या शाईतले घटक गरम तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्याला मनाई केली आहे. डब्यात भरून झाकण लावणं म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी, अगदी शब्दशः. मीठ हवं तर आताच भुरभुरा. लिंबू मात्र प्रत्येकाने आपल्या घासावर पिळावं, आवरण ओलं होतं.

एक गोष्ट काळजीने सांगते. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे क्षणात वाफ होते आणि ती जळतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, कढईवर घट्ट बसणारं झाकण किंवा परात सरकवा, आणि गार होईपर्यंत उघडू नका. झाकण तळणी सुरू करण्याआधीच हाताशी असावं. तेल धुरावू लागलं की सोडून जाऊ नये, फोन घ्यायलाही नाही.

उरलेलं तेल

चुरा तळला की तळाशी काजळी उरते. ती त्या तेलात राहिली तर पुढच्या वेळी तीच जळून कडवटपणा आणते. तेल कोमट झालं की बारीक गाळणीवर पातळ फडकं ठेवून गाळा आणि काचेच्या बरणीत भरा. लोखंडी कढईत तसंच ठेवू नका, लोखंडाच्या सहवासात तेल लवकर खवटतं. तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल मोडून तयार होणारे पदार्थ, साचत जातात. ती एकूण तेलाच्या २५ टक्क्यांहून जास्त असू नयेत असा नियम आपल्याकडे १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजता येत नाही, पण तेल दाट झालं, काळपट झालं, वर फेस धरू लागलं किंवा आधीपेक्षा कमी तापमानाला धूर सोडू लागलं तर त्याचे दिवस भरले. मी माशाचं तेल एकदा तळल्यावर फार तर आणखी एकदा वापरते, तेही आठवड्याच्या आत आणि माशासाठीच.

टाकायचं तेल मोरीत ओतू नका. ते पाइपात थिजून सोसायटीच्या चेंबरला जाऊन बसतं. थोडं असेल तर जुन्या कागदात जिरवून कचऱ्यात द्या. वारंवार तळण होत असेल तर बाटलीत साठवा; वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्येच सुरू केली आहे, आपल्या भागात कुणी ते घेतं का याची चौकशी करावी.

आणि गाळलेल्या तेलाच्या बरणीवर पट्टी चिकटवून 'मासळी' असं ठळक लिहा, खाली तारीख टाका. संकष्टीच्या दिवशी घाईगडबडीत कुणीतरी तीच बरणी साबुदाणा वड्यांच्या कढईत ओतू शकतं.